तीनशे त्रेसष्ट, दोन पासष्ट

मे महिन्यातली दुपार. किल्ल्यावरून आलेली होडी नुकतीच जेटीला लागली आहे आणि पंधरा-वीस माणसं एकदम दुकानात शिरली आहेत. कुणाला आगळाची बाटली हवी, कुणाला खाजा, कुणी आंबापोळी हातात धरून "ही ओरिजिनल आहे ना?" विचारतंय. तुमच्यासमोरचं बिल झालं तीनशे त्रेसष्ट. पाचशेची नोट आली. तुम्ही मनात वजाबाकी मांडली, हातचा घेतला, आणि तेवढ्यात समोरचे काका खिसा चाचपत म्हणाले, "थांबा हं, वरचे तेरा आहेत माझ्याकडे."

झालं. मांडलेलं सगळं पुसलं गेलं. मागची रांग तुमच्याकडे बघतेय, काका तुमच्याकडे बघताहेत आणि तुम्ही कॅल्क्युलेटर शोधताय.

मालवणात दिवाळीपासून मेअखेरपर्यंत हंगाम असतो, आणि दर हंगामाला बाजारपेठेत, जेटीजवळ, तारकर्लीच्या वाटेवर नवी मुलं-मुली गल्ल्यावर बसतात. बारावीची परीक्षा दिलेली, कॉलेजला सुट्टी लागलेली, कधी दुकानदाराचीच भाची. माल कसा दाखवायचा, मसाल्याचा डबा कसा बांधायचा हे त्यांना शिकवलं जातं. मोड कशी द्यायची हे कुणी शिकवत नाही, कारण ती सगळ्यांना येतेच असं धरलेलं असतं. मलाही येते असंच मी धरलं होतं.

माझ्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका बाईंना मी मोड दिली ती अशी: गल्ल्यातून नोटा काढल्या, त्यावर नाणी ठेवली आणि मूठ त्यांच्या हातात रिकामी केली. त्यांनी तिथेच उभं राहून मोजलं आणि म्हणाल्या, "पन्नास कमी आहेत." मी म्हटलं, मी बरोबर दिलेत. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच मोजा. मी मोजले तर खरंच पन्नास कमी. पण कमी दिले मी, की मोजताना त्यांच्या हातून एक नोट पिशवीत सरकली, हे दोघींनाही सांगता येईना. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे काकी म्हणत. काकींनी मुकाट्यानं पन्नास काढून दिले. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "चेडवा, तुज्या डोक्यात काय चललाहा ता गिऱ्हाइकाक दिसना नाय. तेच्या हातार मोज."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलेलं आहे.

वजाबाकी करायचीच नाही

बिल तीनशे त्रेसष्ट आणि नोट पाचशेची असेल, तर 'पाचशे वजा तीनशे त्रेसष्ट' हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. बिलापासून सुरुवात करा आणि नोटेपर्यंत चढत जा. तोंडानं, ऐकू जाईल असं:

"तीनशे त्रेसष्ट." दोनाचं नाणं ठेवा: "पासष्ट." पाचाचं नाणं: "सत्तर." दहाची नोट: "ऐंशी." विसाची: "चारशे." शंभराची: "पाचशे."

पाच वस्तू दिल्या, हिशेब संपला. किती परत दिले हे तुम्हाला माहीतही नसेल. एकशे सदतीस दिले, पण तो आकडा या व्यवहारात कुणालाच लागत नाही. गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं की माझे पाचशे पुरे झाले ना, आणि तुमच्या तोंडून शेवटचा शब्द 'पाचशे' येतो तेव्हा ते त्याच्या डोळ्यांदेखत पुरे झालेले असतात.

यातली खरी सोय वेगाची नाही, पडताळ्याची आहे. वजाबाकीत चुकलात तर चूक तुमच्या डोक्यातच राहते. एकशे सदतीसच्या जागी एकशे सत्तेचाळीस आले तरी ते ऐटीत मोजून देता. चढत मोजताना चूक झाली तर शेवटची पायरी जुळत नाही. हातातल्या नोटा संपल्या आणि तुम्ही अजून 'चारशे नव्वद'वर आहात, किंवा 'पाचशे' म्हणून झालं आणि हातात एक दहाची उरली. चूक गिऱ्हाईक दुकानात उभं असतानाच सापडते, तेही ऐकत असतं, आणि बहुतेक वेळा तेच आधी सांगतं.

काउंटरवर मशीन असेल तर ते 'परत : १३७' असं दाखवतंच. दाखवू दे. गिऱ्हाइकानं काय दिलं हे मशीनला तुम्हीच सांगितलेलं असतं. पाचशेच्या जागी दोनशे दाबलं गेलं तर ते तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा दाखवेल. गल्ल्यातून नोटा काढायला मशीनचा आकडा वापरा, हातावर ठेवताना मात्र चढतच मोजा. दोन्ही जुळले तर उत्तम. शिवाय जूनचा पहिला वारा सुटला की मालवणात वीज जाते, आणि तेव्हा मशीन काळं पडतं.

आपल्या आकड्यांची मदत

मराठीत ही चढण आकड्यांच्या नावांतच आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा. बिल एकशे एकोणपन्नास झालं की उत्तर शब्दातच मिळतं: एक ठेवा, दीडशे, पन्नास ठेवा, दोनशे. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हे सगळे आपले थांबे आहेत. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदारांची बोटं कॅल्क्युलेटरशिवाय चालत ती त्या पाठांतरावर. आता ती पाठ करा असं मी म्हणणार नाही, पण थांब्यांची नावं तोंडात बसवून घ्या.

अडचण येते ती ऐकणाऱ्याची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'ला 'साठ तीन' म्हणायच्या धर्तीचं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला. शाळेत काय असावं यात मी पडत नाही. मला स्वतःला एकोणसाठ गमवायला आवडणार नाही. पण गल्ल्यावर बंगळूरचं किंवा दिल्लीचं कुटुंब उभं असेल तर त्यांना त्रेसष्ट कळत नाही, आणि एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये तर आपलीच मुलं गोंधळतात. अशा वेळी बिलाचा कागद त्यांच्याकडे वळवून आकड्यावर बोट ठेवायचं आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. नोटांवरचे आकडे सगळ्यांनाच वाचता येतात.

बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी गेलात तर हीच पद्धत दिसेल. बांगड्याचा वाटा पिशवीत पडला की मावशी पाचशेची नोट एका हातात उंच धरून ठेवते आणि दुसऱ्या हातानं मोड देते: "दोनशे झाले. ह्ये शंबर, तीनशे. ह्ये दोनशे, पाचशे." मग ती नोट आत जाते, आधी नाही.

नोट बाहेरच राहू द्या

मावशीच्या या सवयीमुळे गल्ल्यावरची निम्मी भांडणं टळतात. गिऱ्हाइकाची नोट हातात आली की दोन गोष्टी करायच्या. एक, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं: "पाचशेची नोट." दोन, ती गल्ल्यात न टाकता काउंटरवर तुमच्या बाजूला, दोघांना दिसेल अशी आडवी ठेवायची. मोड देऊन झाली, गिऱ्हाइकानं मान हलवली, की मग आत.

आमच्याकडे खारा वारा आणि डोक्यावर पंखा, त्यामुळे नोटेवर वजन लागतं. काकींकडे समुद्रातला एक गुळगुळीत काळा दगड होता. नवीन पोरं त्याला हसायची, पण तो दगड असेपर्यंत "मी पाचशे दिले होते, तुम्ही शंभराची मोड दिलीत" हे वाक्य त्या दुकानात फारसं ऐकू आलं नाही.

तरी कधी ऐकू आलंच, आणि नोट आत गेली असेल, तर वाद घालू नका, लगेच पैसे काढूनही देऊ नका. "थांबा, गल्ला मोजून सांगते," म्हणा. सकाळची मोड आणि आतापर्यंतच्या बिलांची रोख यांची बेरीज करून मालकासमोर गल्ला मोजा. गर्दीत ते शक्य नसेल तर फोन नंबर घ्या आणि रात्री मोजणी झाल्यावर कळवा. खरं बोलणारा माणूस नंबर देतो. नाही देत त्याच्याबद्दल तुम्ही काय ते समजा.

वरचे तेरा

आता त्या काकांकडे येऊ. बिल ३६३, पाचशेची नोट आणि वरचे तेरा. इथे मुलं पाचशेत तेरा मिळवतात आणि पाचशे तेरातून तीनशे त्रेसष्ट वजा करायला बसतात. तसं करू नका. वरचे पैसे नोटेत मिळवायचे नाहीत, बिलातून उतरवायचे. तेरा घेतले, बिल साडेतीनशेवर आलं. आता नेहमीसारखं: "साडेतीनशे, पन्नास चारशे, शंभर पाचशे." दोन नोटांत काम झालं, आणि काकांचे सुटे तुमच्याकडे आले.

वरचे पैसे देणारं गिऱ्हाईक मिळणं हे भाग्य समजा, कारण ते तुमची मोड वाचवतं. पण काही जण नुसतेच वर देतात. बिल ३६३, पाचशेची नोट आणि वर विसाची नोट. वीस उतरवले तर बिल ३४३, म्हणजे तुम्हाला पूर्वीइतकेच सुटे द्यायचे आहेत आणि वर आणखी वीस. अशा वेळी हसून विसाची नोट परत करायची: "हे राहू दे काका, तीन असतील तर द्या." तीन मिळाले तर बिल तीनशे साठ. तेरा मिळाले तर साडेतीनशे. कोणता आकडा मागायचा हे बिलाचं शेपूट बघून ठरतं.

एक मात्र पाळा. तुमची मोजणी अर्धी झाली असताना कुणी वरचे पैसे पुढे केले, तर दिलेली मोड आधी परत घ्या, काउंटरवर ठेवा आणि पहिल्यापासून सुरू करा. मधूनच जोडायला जाल तर फसाल. आणि फसवणारेही इथूनच शिरतात. वीस रुपयांची पाण्याची बाटली, पाचशेची नोट. तुम्ही चारशे ऐंशी दिले. तो म्हणतो, "अरे, माझ्याकडे वीस आहेत की, ती पाचशेची परत द्या." तुम्ही भल्या मनानं पाचशेची नोट देता, वीस घेता. चारशे ऐंशी त्याच्या खिशातच असतात. तो लगेच पत्ता विचारतो, दुसरी वस्तू मागतो, घाई करतो. उपाय साधा आहे: आधी चारशे ऐंशी काउंटरवर येऊ देत, तुम्ही मोजा, मगच पाचशेची नोट सुटेल. एक व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, मग समोर कुणीही असो. प्रामाणिक माणसाला याचं वाईट वाटत नाही.

हात आणि नोटा

मोड उजव्या हातानं द्या. डाव्या हातानं पैसे दिलेले आपल्याकडच्या जुन्या माणसांना खटकतात. नोटा मोजताना थुंकी लावू नका. ओल्या स्पंजची वाटी दहा-वीस रुपयांत मिळते. चढत मोजण्यात नाणी आपोआप आधी जातात आणि नोटा नंतर, हेही बरं. नोटांच्या घडीवर नाणी ठेवून दिली की ती घसरतात आणि काउंटरखाली जातात, मग तुम्ही आणि गिऱ्हाईक दोघं वाकून शोधत बसता.

आमच्या किनाऱ्यावरची वेगळी डोकेदुखी म्हणजे ओल्या नोटा. स्कूबा करून आलेला मुलगा हाफ पॅन्टच्या खिशातून भिजलेल्या चार नोटा काढतो. त्या ओढून सुट्या करायला गेलात तर फाटतील, आणि तशाच मोजल्यात तर दोन एकमेकींना चिकटलेल्या असतील. काउंटरवर सपाट पसरा, कोपऱ्यातून हलक्या हातानं सोडवा, मग बोला किती आहेत ते. कोऱ्या नोटांच्या पुडक्यातही हाच धोका; मोड म्हणून कोरी नोट देताना अंगठ्यानं कोपरा एकदा चोळून बघा.

रंगांनीही फसगत होते. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली विसाची आणि दोनशेची नोट सारखीच दिसते. दोनशेची नोट ऑगस्ट २०१७ मध्ये आली, ती झळझळीत पिवळी. विसाची नवी २०१९ मध्ये, हिरवट पिवळी. विसाच्या मागे आपलं वेरूळ आहे, दोनशेच्या मागे सांचीचा स्तूप. पण रांगेत मागचं चित्र कोण बघतं? बोटांना शिकवा. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, विसाची १२९. दोन्ही एकावर एक ठेवल्या तर जवळपास पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. गल्ल्यात या दोन नोटांचे कप्पे शेजारी ठेवू नका. आमच्याकडे वीस डावीकडे शेवटी आणि दोनशे उजवीकडे, मध्ये सगळं दुकान.

नाण्यांत दहा आणि वीस दोन्ही २७ मिलिमीटरची, दोन्ही दुरंगी. दहाचं बाहेरचं कडं पिवळं आणि आत पांढरं. विसाचं उलट, आणि कडेला बारा कोन. कोन बोटाला लागतात. एक आणि दोनच्या जुन्या नाण्यांत अजूनही घोळ होतो. हाताची मुद्रा असलेली नाणी आली तर अंगठा म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन.

"दहाचं नाणं चालत नाही," असं सांगणारं कुणी ना कुणी दर आठवड्याला भेटतं. चालतं. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला स्पष्ट केलं की दहाची नाणी तोवर चौदा वेगवेगळ्या नक्ष्यांत काढलेली आहेत आणि ती सगळी चलनात आहेत. रुपयाचं चिन्ह असलेलंही खरं, नसलेलंही खरं. पन्नास पैशांचं नाणंही कायद्यानं अजून चलनात आहे. बंद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासून. आणि कुणी चेष्टेनं दोन हजारांचं बिल नुसत्या नाण्यांत भागवायला आला, तर नाणे अधिनियम २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच घेणं बंधनकारक आहे. मी स्वतः मात्र हसत सगळी घेईन. मालवणच्या गल्ल्याला हजाराची नाणी म्हणजे पर्वणी.

फाटकी नोट गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका. विशेषतः संध्याकाळच्या बसनं जाणारा पर्यटक आहे, परत येणार नाही, म्हणून त्याच्या मोडीत ती सरकवू नका. बँकेत ती बदलून मिळते. विसापर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण किंमत मिळते. पन्नास आणि त्यावरच्या नोटेला पूर्ण किमतीसाठी ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग लागतो, चाळीस ते ऐंशीत अर्धी किंमत. हे सगळं बँकेच्या खिडकीवरचं काम आहे, तुमच्या काउंटरवरचं नव्हे.

मोड येते कुठून

मालवणात मोडीची टंचाई का असते, हे गल्ल्यावर बसलं की दोन दिवसांत कळतं. पर्यटक एटीएममधून पैसे काढून येतो आणि त्याच्याकडे पाचशेच्या नोटा असतात. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांच्याकडेही पाचशेच. सकाळी जेटीवर येणारा प्रत्येक जण आपली पहिली नोट मोडायला जागा शोधत असतो, आणि ती जागा म्हणजे तुमचं दुकान.

म्हणून दिवस सुरू होताना गल्ल्यात ठरलेली मोड हवी. आमच्या मध्यम दुकानात ती तीन हजारांची असायची: शंभराच्या सात, पन्नासच्या वीस, विसाच्या पंचवीस, दहाच्या पन्नास, पाचाची तीस नाणी, दोनाची पन्नास आणि एकाची पन्नास. बेरीज करून बघा, बरोबर तीन हजार. तुमच्या दुकानात आकडे वेगळे असतील, पण पन्नास आणि दहा जास्त ठेवा, तेच आधी संपतात. संपत आले की मागू लागा, संपल्यावर नाही. बँकेत सकाळी गर्दीआधी जा. ज्यांच्याकडे दिवसभर सुटे जमतात, म्हणजे पानवाला, वडापावची गाडी, रिक्षावाले, त्यांच्याशी जुळवून ठेवा. त्यांना रात्री बंदी नोट हवी असते, तुम्हाला मोड. जुन्या काळी सराफ नाणं मोडून देताना बट्टा कापून घेत, नावाला बट्टा लागणे हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. वडापाववाला बट्टा घेत नाही, चहा पाजला की पुरतं.

मालकांसाठी एक सूचना: छापील किंमत असलेल्या मालाचं काही करता येत नाही, पण खाजा, सोलं, कुळथाचं पीठ, घरचा मसाला यांचे भाव आपण ठरवतो. ते दहाच्या पटीत ठेवा. अठ्ठ्याण्णव रुपयांचं पाकीट स्वस्त दिसतं खरं, पण ते दिवसाला शंभर वेळा दोनाचं नाणं मागतं.

आणि ते नाणं नसलं की सुरू होतो चॉकलेटचा कारभार. मला याचा मनापासून तिटकारा आहे. दोन रुपयांऐवजी काउंटरवरच्या बरणीतलं चॉकलेट हातावर ठेवणं म्हणजे न मागितलेला माल विकणं. त्यापेक्षा तोंडानं सांगा: "दोन रुपये सुटे नाहीत, काय करू?" दहातले आठ जण "राहू द्या" म्हणतात. पण ते त्यांनी म्हणायचं असतं, आपण गृहीत धरायचं नाही. उरलेल्या दोघांसाठी बिलातून दोन रुपये सोडा, किंवा ते मोबाइलवर पाठवा.

मोबाइलवरून पैसे येऊ लागल्यापासून मोडीचा ताण पुष्कळ कमी झाला, यात वाद नाही. पण देवबाग-तारकर्लीला रेंज गेली की पुन्हा नोटाच बाहेर येतात. गिऱ्हाईक "गेले पैसे" म्हणून फोनचा पडदा दाखवतं तेव्हा स्पीकरचा आवाज किंवा आपल्या फोनवरचा मेसेज येईपर्यंत माल काउंटरवरच राहू द्या. अर्धे रोख आणि अर्धे मोबाइलवर असतील तर आधी मोबाइलचे येऊ द्यात, बिल तेवढं खाली उतरवा आणि उरलेल्यावरून चढत मोजा. वरच्या तेरासारखंच.

काही गिऱ्हाइकं

लहान मूल एकटं आलं तर मोड त्याच्या हातात देताना बिलाच्या कागदात गुंडाळून द्या आणि "आईक दी" असं बजावा. म्हाताऱ्या आजी-आजोबांना सावकाश मोजून द्या. त्यातल्या कुणाला अजून पावली आणि आठ आणे आठवत असतात, दोन शब्द त्यांच्याशी बोला. अंध गिऱ्हाइकाला प्रत्येक नोट नाव घेऊन, एकेक करून द्या, पुडकं हातात कोंबू नका. त्यांना नोटेच्या लांबीवरून ओळख पटते. नोट ओळखून सांगणारं 'मनी' नावाचं अ‍ॅप रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये काढलं, तेही ठाऊक असू द्या. त्यांच्यासोबत कुणी असलं तरी पैसे ज्याचे, त्याच्याच हातात द्यायचे.

रात्रीचा गल्ला

शटर अर्धं ओढलं की गल्ला मोजा. आधी सकाळची मोड बाजूला काढा, मग उरलेली रोख बिलांच्या बेरजेशी लावा. कमी आली तर सगळे घाबरतात. जास्त आली की मात्र खूश होतात, आणि हे मला कधीच कळलं नाही. गल्ला जास्त भरला म्हणजे कुणाला तरी तुम्ही कमी दिलेत.

माझा एकदा बरोबर शंभर रुपयांनी जास्त भरला. काकींनी तो शंभर वेगळ्या पाकिटात घातला, पाकिटावर तारीख लिहिली आणि गल्ल्याच्या खणात ठेवला. तिसऱ्या दिवशी आचऱ्याहून एक बाई आली. खाजा घेतला होता, घरी जाऊन मोजलं तर शंभर कमी होते, पण एवढ्यासाठी कोण येतं. आता बाजाराला आले म्हणून विचारलं, असं म्हणाली. काकींनी पाकीट तिच्यापुढे धरलं, तारीख दाखवली. बाईनं शंभर घेतले आणि तीच नोट देऊन पुन्हा साठ रुपयांचा खाजा घेतला. मी मोड दिली, मोठ्यानं: "साठ, वीस ऐंशी, वीस शंभर."

तर रोख जुळली किंवा फरकाची नोंद वहीत झाली, की उद्याची मोड मोजून तीन हजार वेगळे ठेवा. दहाच्या नोटा पन्नासपेक्षा कमी असतील तर आताच कुणाला तरी फोन करा, कारण उद्या किल्ल्याच्या पहिल्या होडीच्या वेळी भवानीचं गिऱ्हाईक पाण्याची एक बाटली घेणार आहे आणि पाचशेची नोट काढणार आहे.